गोदरीची वाट

लीलाधर महाजन सर एरंडोलच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. ते साप पकडतात हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. कुणाच्या कडब्यात, कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या केळीच्या बागेत जनावर निघालं की माणूस सायकल मारत शाळेत येई, आणि सर फळ्यावरची आकृती तशीच सोडून राजदूत मोटरसायकलला किक मारत. पण पकडण्यापेक्षा त्यांना सांगण्याची हौस मोठी होती. रविवार आला की एका कापडी पिशवीत धामण, दुसरीत रंगवलेल्या चित्रांची गुंडाळी, आणि सर कुठल्या तरी गावाच्या पारावर उभे. कार्यक्रमाचं नाव त्यांनीच ठेवलेलं: 'साप आणि आपण'.

लोक गर्दी करत, कारण सर हसवत. मंत्रानं विष उतरवणाऱ्या भगताची नक्कल करत, साप पाहून धोतर सावरत पळणाऱ्याची नक्कल करत. "नाग दूध पितो म्हणता, मग पाहुणा आलाय तर चहा का नाही विचारत त्याला?" असं म्हणत. स्वतःच्या बायकोवरही एक किस्सा होता. 'मी नाग हातात धरतो, आणि आमची ही झुरळ पाहून डब्यांच्या फळीवर चढते.' त्यावर तर हमखास हशा. माणूस हसला की ऐकतो, असं सरांचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आदल्या वर्षी त्यांचा कार्यक्रम झालेल्या एका गावात एकाला नाग चावला, तर लोकांनी त्याला देवळात न नेता सरळ दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. ही गोष्ट सर पुढे प्रत्येक गावात सांगत. जळगावच्या एका पेपरात त्यांचा फोटोही छापून आला होता, गळ्यात धामण घातलेला.

अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात, नागपंचमीच्या आधीच्या रविवारी सर नांदखेड्याला गेले. गाव लहान, तालुक्यापासून आडबाजूला. उपसरपंच झुलाल आबांनी दवंडी दिली होती, त्यामुळे मारुतीच्या पारासमोर सगळा गाव बसला होता. पुढे पुरुष, मागे भिंतीच्या कडेनं बाया.

सर त्या दिवशी रंगात होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सगळी चित्रं झाली. सरपणात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, जमिनीवर झोपू नका, बाजेवर झोपा, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. चावलाच तर चिरा देऊ नका, चोखू नका, माणसाला चालवू नका, गाडी करा आणि दवाखाना गाठा. हे सगळं सांगून झाल्यावर धामण बाहेर काढली, पुढच्या रांगा मागे सरकल्या, हशा झाला.

"आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा," सर म्हणाले.

पुरुषांमधून कुणी उठेना. मागून एक बाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, तिशीची असेल. सुपडूची बायको, सुगंधाबाई. आपल्या दोन बिघ्यात आणि लोकांच्या वावरात मिळून वर्षभर राबणारं ते घर.

"सर, एक इचारू का?"

"विचारा ना अक्का."

"तुम्ही सांगं, अंधारामा बॅटरी लिसन फिरो. पन आमी बाया गोदरीमा जातस ते अंधार पडावरच जातस. बॅटरी लाई ते रस्तावरना लोकेस्ले दिखस. मंग आमी काय करानं?"

गोदरी म्हणजे गावाबाहेर नाल्याच्या काठची, बायकांनी परसाकडे बसायची जागा. पारावर असा विषय कधी निघाला नव्हता. पुरुषांच्या रांगेत एक दबकी खसखस सुरू झाली. माना मागे वळल्या.

सरांना तो आवाज ओळखीचा होता. हशा फुटायच्या आधीचा आवाज. एक शब्द टाकला की पार दणाणणार. आणि त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"अक्का, तुम्ही मुळीच चिंता करू नका. साप तुम्हाला तिथं बघेल ना, तर तोच लाजून डोळे मिटून घेईल!" सर क्षणभर थांबले. थांबायचं कुठे हे त्यांना चांगलं कळत होतं. "अडचण एकच आहे. त्याला पापण्या नसतात!"

पार दणाणला. म्हातारे खोकेस्तोवर हसले, पोरांनी शिट्ट्या घातल्या. बायांनीही तोंडात पदर कोंबले. सुगंधाबाई मात्र उभीच होती. हसणं संपलं की उत्तर येईल, अशी वाट बघत असावी. तेवढ्यात पुढून एकानं नागाच्या डोक्यावरच्या मण्याबद्दल विचारलं आणि सर तिकडे वळले. ती केव्हा बसली ते त्यांनी पाहिलं नाही.

पोळा झाला आणि आठवड्याभरानं बातमी आली. नांदखेड्याला एका बाईला घोणस चावली, काटा रुतला म्हणत दीड दिवस घरात पडून होती, आता जळगावच्या सरकारी दवाखान्यात आहे, जगते की नाही सांगता येत नाही.

सरांना पहिल्यांदा आला तो राग. एवढं कानीकपाळी ओरडून सांगितलं, आणि त्याच गावात हे! पुढच्या रविवारी एका मोठ्या गावात कार्यक्रम होता. तिथं त्यांनी ते उदाहरण म्हणूनच घेतलं.

"नांदखेड्याचं ऐका. मी स्वतः जाऊन समजावून आलो. तरी एक बाई दीड दिवस घरात बसली! काटा रुतला म्हणाली! आता सांगा, विष सापाचं की अडाणीपणाचं?"

लोकांनी चुकचुक केली. काही हसले.

कार्यक्रम संपल्यावर सर चित्रं गुंडाळत होते. गर्दी पांगली, तरी एक बाई खांद्यावरची पिशवी धरून तिथंच उभी राहिली. पांढरी साडी, पायात रबरी चपला. प्रमिलाबाई, त्या भागातल्या सरकारी नर्स. नांदखेडंही त्यांच्याकडेच होतं. सरांची आणि त्यांची तोंडओळख होती.

"सर, ती बाई कोण होती, माहीत आहे तुम्हाला?"

"कोणती?"

"आत्ता जिला अडाणी म्हणालात ती."

"नाव नाही माहीत. का हो?"

"सुगंधाबाई. पारावर तुम्हाला प्रश्न विचारला होता तिनं."

सरांचे हात गुंडाळीवरच थांबले.

प्रमिलाबाईंनी आवाज चढवला नाही. दिवसभराच्या कामाचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्या रविवारनंतर गावात ते वाक्य सुटलं ते सुटलंच. संध्याकाळी बाया डबे घेऊन निघाल्या आणि त्यांच्यात सुगंधाबाई दिसली की नाल्यावरच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, बसलेली पोरं ओरडत, 'डोया मिटी ल्या रे भो, डोया मिटी ल्या!' बाकीच्या बायांना लाज वाटायला लागली. भांडण नाही झालं, पण एक दिवस शेजारणीनंच तिला सांगितलं, तू जराशी मागून येत जा बाई, तुझ्यापायी आम्हालाही ऐकावं लागतं. तेव्हापासून ती एकटी जायला लागली. उशिरा, आणि लांब. जुन्या खाणीच्या पलीकडे, जिथं घाणेरीची काटेरी झुडपं माजलीत आणि दगडांचे ढीग आहेत.

"तिथं चावली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मांडीला, पार वर. आता हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर गाव काय म्हणणार, ते तिला आधीच ठाऊक होतं. म्हणून बोराटीचा काटा रुतला म्हणाली. रात्रभर कण्हत होती. दुसऱ्या दिवशी पाय लुगड्यात मावेना, तरी सासूला बघू दिलं नाही. मी लसीकरणाला गेले तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं. मी दार लावून घेतलं तेव्हा कुठे तिनं मला दाखवलं."

सरांनी हातातली गुंडाळी खाली ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असावं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि बस गाठायला निघून गेल्या.

गावच्या सरपंचांनी चहाला बोलावलं होतं. सर गेले नाहीत. राजदूतवर बसले आणि एरंडोलच्या रस्त्यानं निघाले. वाऱ्यात डोळ्यांना पाणी येत होतं, ते पुसायला त्यांनी गाडी थांबवली नाही. मगाचचं स्वतःचं वाक्य कानांत वाजत होतं. 'विष सापाचं की अडाणीपणाचं?' हे वाक्य सुचलं तेव्हा ते मनात खूश झाले होते, हेही त्यांना आठवलं.

घरी लताबाई, त्यांची बायको, डाळ निवडत बसल्या होत्या. सरांनी चप्पल काढली आणि तिथंच उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, तुम्ही काय मुद्दाम केलंत का.

लताबाईंनी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

"मला त्यात नवीन काही नाही," त्या म्हणाल्या. "माझं झुरळ नाही का गावोगाव फिरत? पलीकडच्या वहिनी परवा मला हसत हसत विचारत होत्या, फळीवर कशा हो चढता."

"तू कधी बोलली नाहीस."

"चारचौघांत ज्याचं हसं झालं त्या माणसानं काय बोलायचं?"

सर त्या रात्री न जेवताच झोपले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते जळगावला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सुपडू भिंतीला टेकून बसला होता. सर स्वतः आलेले पाहताच धडपडत उठला आणि दोन्ही हात जोडले.

"सर! तुम्ही सवता उनात!"

"कशी आहे तब्येत?"

"आते धोका नही म्हनतस डाक्टर. लघवीमा रगत जाये, ते बंद झायं. पायनं मास सडेल व्हतं, ते कापं." सुपडू बोलत होता आणि त्याचे हात जोडलेलेच होते. "सर, तुमना मुये वाचनी ती. नर्सबाईनी सांगं तव्हय भगत दारमा येल व्हता. मी सांगं, नही, सरनी सांगेल शे, मंत्र नही, गाडी करा. झुलाल आबाना ट्रॅक्टरमा टाकी आनि निंघनूत. तुम्ही ते सांगं नसतं ते मी भगतलेच घरमा लेतू."

सरांना तिथून पळून जावंसं वाटलं. शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता तर सोपं होतं. हा माणूस पाया पडायला वाकत होता. सुपडूला काही ठाऊक नव्हतं. बायको उशिरा आणि एवढ्या लांब का जायला लागली, हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. आता आपण सांगावं, असं सरांना वाटलं. ओठांपर्यंत आलंही. पण सुपडूनं टपरीवरून चहा आणला, तो त्यांनी घेतला, आणि तो पिता पिता ती वेळ निघून गेली.

आत बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर सुगंधाबाई होती. चेहरा मातीसारखा झालेला. सर दिसताच तिनं चादर छातीवर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बरं वाटतंय का अक्का?"

सरांनी मोसंब्यांची पिशवी स्टुलावर ठेवली. खाटेच्या पायथ्याशी ते थोडा वेळ उभे राहिले. शेजारच्या खाटांवरच्या बाया बघत होत्या. आपल्यामुळे ती पुन्हा दहाजणींच्या नजरेत आली आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, तसे ते बाहेर पडले.

पुढचे सगळे कार्यक्रम त्यांनी रद्द केले. कुणी विचारलं तर अंग दुखतंय म्हणायचे. वर्गात शिकवताना एखादा पोरगा हसला तरी ते दचकायचे. मनात मात्र एक बेत तयार होत होता. नांदखेड्याला जायचं, त्याच पारावर उभं राहायचं, आणि सगळ्या गावासमोर तिची माफी मागायची. हात जोडून. काय बोलायचं तेही ठरलं होतं. ते मनाशी घोळवताना त्यांना जरा हलकं वाटे.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत ते गेले. आधी तिला विचारावं म्हणून तिच्या घरी गेले. सुपडू वावरात होता. ओसरीवर बाजेवर सुगंधाबाई बसली होती, एक पाय लांब सोडून. सासू आत भाकरी थापत होती. बाजूला काठी टेकलेली. पाय वाचला होता, पण गुडघा मुडपत नव्हता. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणजे निंदणी गेली, चुलीपुढचं काम गेलं. हे सगळं सरांना बघताच कळलं.

ते ओसरीच्या कडेला बसले. खाली मान घालून म्हणाले, "अक्का, माझ्यामुळे झालं हे. मी पारावर येऊन सगळ्यांसमोर तुमची माफी मागणार आहे. तुमचं नाव घेऊन."

सुगंधाबाईनं लांब सोडलेल्या पायावर लुगडं ओढून घेतलं.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"मन्हं नाव पारवर एकदाव निंघनं, बस झायं." तिचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "तुमले माफी मांगीसन मोकयं व्हवानं शे सर. तुम्ही हात जोडशात, लोके म्हनतीन, सर किती मोठा मानूस शे. आनि मंग बठ्ठा मन्हाकडे देखतीन. कोठे चावना, काय झायं, परत तेच."

सरांचा चेहरा तापला. आपण मनाशी घोळवलेलं सगळं भाषण तिनं बघून घेतलं, असं त्यांना वाटलं. त्यातली टाळ्यांची जागासुद्धा.

"मग मी काय करू?"

"मी इचारेल व्हतं, त्यानं सांगा. तुम्ही अजून सांगं नही."

सरांनी खरंच विचार करून पाहिला. बॅटरी लावली तर रस्त्यावरून दिसतं. नाही लावली तर पाय कशावर पडतो ते दिसत नाही. उजेडी जायची सोय नाही. घोणसीच्या जबड्यात विषाचे दात कसे घडी घालून बसलेले असतात ते त्यांना चित्र काढून सांगता आलं असतं. हे सांगता येईना.

"मला माहीत नाही, अक्का."

सुगंधाबाईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"तव्हयच असं सांगं असतं, ते बी चालनं असतं."

तिथून सर उठले ते प्रमिलाबाईंकडे गेले. काही लपवलं नाही, सुगंधाबाई काय म्हणाली तेही सांगितलं. प्रमिलाबाईंनी ऐकून घेतलं. समजूत घातली नाही, पण पुढच्या मंगळवारी नांदखेड्याच्या बायांना शाळेच्या खोलीत बोलवते म्हणाल्या. "तुम्ही आत यायचं नाही. मीच बोलेन. तुम्ही मला सापाचं काय ते आधी समजावून द्या."

मंगळवारी दुपारी सर शाळेसमोरच्या निंबाखाली बसून राहिले. दार लावलेलं होतं. आतून कधी एकटीचा आवाज येई, कधी पाचसहा जणींचा कल्ला. एकदा सगळ्या खळखळून हसल्या. सर ताठ झाले. आपल्यावरच हसताहेत असं त्यांना वाटलं, आणि हसल्या तर हसू देत, असंही.

प्रमिलाबाई बाहेर आल्या त्या ठरलेलं सगळं तोंडपाठ घेऊनच. गोदरीतही घाणेरी माजलीय, ती मुळासकट काढायची. दगडांचे ढीग उचलायचे. रस्त्याच्या बाजूला तुरकाठ्यांचा उंच कूड घालून आडोसा करायचा, म्हणजे आत कंदील लावला तरी बाहेर दिसणार नाही. वाट फरशीवरून न्यायची नाही, गोठ्यांच्या मागून न्यायची, आणि ती झाडून मोकळी ठेवायची. दोघीतिघींनी मिळून जायचं, कुणी एकटीनं मागून यायचं नाही.

"शेवटचं त्या शेजारणीनं सांगितलं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि रडली. बाकी काम पुरुषांचं आहे. त्यांना तुम्ही सांगायचं."

पुन्हा तोच पार. या वेळी दवंडी नाही, धामण नाही. झुलाल आबांनी बोलावून घेतलेले पंधरावीस पुरुष. सरांनी घाणेरी, दगड आणि कूड एवढंच सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

झुलाल आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सर, हाई बायास्नं काम शे. हाई पारवर कसाले काढतस?"

सर काही म्हणणार एवढ्यात मागून हिलाल नावाचा एक तरणा पोरगा ओरडला, "सर, झाडं कसाले तोडतस? साप लाजीसन डोया मिटी ली ना!"

"त्याले पापन्या नहीत!" दुसऱ्यानं पुरं केलं.

पार हसला. आणि हसता हसता सगळे सरांकडे बघायला लागले, कारण वाक्य त्यांचंच होतं, तेही हसतील, अशी लोकांना खात्री होती. पुढच्याच रांगेत सुपडू बसला होता. तोही हसत होता. अर्धवट, सगळे हसताहेत म्हणून.

सरांच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. पाराचे दगड बघत ते उभे राहिले. आपल्या तोंडातून निघालेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती घाण आहे हे कळत होतं.

"ते माझं बोलणं होतं," ते म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. "ते मी बोललो होतो. मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला हसवलं. आजही मला उत्तर येत नाही. हे जे सांगितलं ते तुमच्या घरच्या बायांनी काढलेलं उत्तर आहे. तुमच्या आया, बायका, बहिणी रोज अंधारात तिथं जातात. आपण त्यांना हसलो, म्हणून त्या आणखी अंधारात जायला लागल्या."

कुणीतरी मागे अजून फिसफिसत होतं. दोघंतिघं उठून निघून गेले. सुपडूचं हसू थांबलं होतं. तो सरांकडे बघत होता, मग त्यानं मागच्या, रोज फरशीवर बसणाऱ्या पोरांच्या टोळक्याकडे बघितलं, मग परत सरांकडे. मागून येणं, लांब जाणं, काटा रुतला म्हणणं, सगळं त्याच्या डोक्यात एकापाठोपाठ एक जुळत जाताना सरांना दिसत होतं. सुपडू उठला. आता हा काय करेल, म्हणून सर थांबून राहिले.

सुपडूनं काही केलं नाही. "मी येसू घाणेरी काढाले," तो झुलाल आबांना म्हणाला. आणि सरांकडे न बघता घराच्या वाटेला लागला. दवाखान्यात जोडले होते ते हात त्यानं त्यानंतर सरांपुढे कधी जोडले नाहीत.

कामाला सातआठ जण आले. हिलाल आला नाही. सर विळा घेऊन आले होते, पण घाणेरी तोडायची सवय नव्हती, हात सोलून निघाले. कुणी त्यांना बस म्हणालं नाही, आणि ते बसले नाहीत. दगडाखालून एक फुरसं निघालं, ते त्यांनी काठीनं उचलून बरणीत घातलं. एरवी त्यावर त्यांनी दहा मिनिटं बोलून घेतलं असतं. बरणीचं झाकण लावलं आणि पुढचा दगड उचलला.

कूड उभा राहिला. तो काही कायमचा नव्हता. दोन पावसाळ्यांत तुरकाठ्या कुजल्या, एका वर्षी परत घातला, एका वर्षी कुणी घातला नाही. पण गोठ्यांमागची वाट राहिली, आणि बाया कंदील घेऊन जायला लागल्या, ते राहिलं.

सरांचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले, पण ते पहिल्यासारखे नव्हते. प्रत्येक गावात आधी प्रमिलाबाई किंवा त्या गावची नर्स बायांची वेगळी बैठक घेई. मग सर पारावर जे सांगायचं ते सरळ सांगत. झुरळाचा किस्सा गेला. नकला गेल्या. गर्दी कमी झाली. 'महाजन सरांचं पहिलं राहिलं नाही,' असं लोक म्हणत. पेपरवाले फिरकेनासे झाले. सरांना कधी कधी जुन्या हशाची आठवण येई. जीभ शिवशिवे. मग ते पाण्याचा तांब्या उचलून घोटभर पीत, आणि पुढचं सांगत. एखाद्या प्रश्नाला 'मला माहीत नाही, विचारून सांगतो,' असं म्हणण्याची त्यांना सवय झाली.

तीनचार वर्षांनी एरंडोलच्या बाजारात त्यांना सुगंधाबाई दिसली. खोक्यावर बसून, पाय लांब करून ती मिरच्या विकत होती. शेजारी काठी. अंगानं भरली होती, केसांत पांढरं दिसत होतं. सर लताबाईंबरोबर होते. त्यांनी आधी तोंड चुकवायचा विचार केला. मग गेले.

"बऱ्या आहात ना, अक्का?"

"बरी शे सर."

माफीचं बोलायचं तर ती जागा नव्हती, आणि तिला ते नको होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. सुगंधाबाईनं मिरच्यांची रास हातानं सारखी केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखीचं हसूही नव्हतं. गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर असतो तसा तो चेहरा होता.

"मिरच्या लेतस का?" तिनं लताबाईंना विचारलं. "तिखट शेत. घरन्याच शेत."

लताबाईंनी पिशवी पुढे केली. सर बाजूला उभे राहून दोघींचं बोलणं ऐकत राहिले. यंदा पाऊस कसा, मिरची वाळवायला ऊन पुरलं का. दोघींपैकी कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि त्यांनीही मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला नाही.